खिडकी क्रमांक तीनच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र घरीच पोस्टानं पाठवणार होते. पण तुमचे आभार मानायचे राहून गेलेले आम्ही बरेच आहोत, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. मे महिन्यात तुम्ही कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त झालात तेव्हा माझं प्रॅक्टिकल चालू होतं, निरोपाला येता आलं नाही. शाल-श्रीफळ झाल्यावर तुम्ही भाषण केलं नाही म्हणे. "जूनला गर्दी हुईल, आणि एक टेबल टाका" एवढंच बोललात.

पहिल्या वर्षी मी तुमच्या खिडकीवर सात वेळा आले होते. शिष्यवृत्ती मंजूर दिसायची, पैसे मात्र खात्यात नसायचे. बँकेत गेलं की ते म्हणायचे कॉलेजात विचारा. सातव्या खेपेला तुम्ही पेन खाली ठेवून विचारलंत, "शाळेत असताना कुठं खातं काढलं हुतंस का?" काढलं होतं, आठवीत, शून्य रकमेचं. आधार अजून त्यालाच जोडलेलं होतं, आणि महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथंच जातात. तीन महिने माझे पैसे तिथं पडून होते, आणि मी कागदी पिशवीत सगळे दाखले घेऊन कोल्हापूरभर हिंडत होते.

पुढच्या वर्षी विद्यार्थी मंडळाकडे प्रथम वर्षाची मार्गदर्शिका करायचं काम आलं. आम्ही २४ गुळगुळीत पानं केली. प्राचार्यांचा संदेश, संस्थेचा इतिहास, ग्रंथालयाची वैशिष्ट्यं, शिवाय शाहू महाराजांनी १९०१ साली काढलेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगचा फोटो. कार्यालयाच्या वेळा तपासून घ्यायला तुमच्याकडे आले, तर तुम्ही सगळी पानं चाळलीत आणि म्हणालात, "फोटो ब्येस आलेत. पण हे वाचून कुणाचा एक तरी फॉर्म भरंल का गं?" मग त्या फोटोवर बोट ठेवलंत. "महाराजांनी पोरांच्या राहण्याची सोय केली. तुमच्या पुस्तकात कुठं राहायचं, ते कुठंय?"

खरं सांगते, राग आला होता. आठ रात्री जागलो होतो आम्ही.

तेवढ्यात तुम्ही ड्रॉवरमधून ती दोनशेपानी वही काढलीत. डावीकडे मुलांनी विचारलेला प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे तो कितीदा आला त्याच्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. "टीसी दिली की परत मिळत नाही का?" "मार्कलिस्टवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी, चालतंय का?" "बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता, आता का नाही?" या शेवटच्या प्रश्नापुढे तर रेघांचं कुंपणच झालं होतं. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच. पदवीला आलं की सवलतीचा मासिक पास काढावा लागतो, म्हणजे राधानगरीहून रोज येणाऱ्या मुलीच्या घरात पहिल्याच महिन्यात एक नवा खर्च उभा राहतो. आमच्या २४ पानांत एसटी हा शब्दच नव्हता.

२०२४ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं म्हणून आम्ही क्रेडिटचा मोठा तक्ता छापला होता. मेजर, ओई, व्हीएससी, एईसी असे विषयांचे प्रकार, सत्राला एकूण २२ क्रेडिट. तुम्ही म्हणालात, "हे इचारायला कोण येत न्हाई. एका विषयात राहिलो तर वर्ष जातंय का, हे इचारत्यात." तक्ता काढला. त्याच्या जागी एटीकेटी, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षात कसं जाता येतं, ते दहा ओळींत लिहिलं. त्या दहा ओळी तुम्ही माझ्याकडून चारदा लिहून घेतल्यात.

विभागांप्रमाणे लावलेली पानं मोडून महिन्यांप्रमाणे लावायची, हेही तुमचंच. मुलाला 'परीक्षा विभाग' कुठला हे माहीत नसतं, पण गणपती झाले की काय करायचं हे तो बघतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे ते फाडून घ्यायचं पान. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत मुलगी उभी नसते, तिचे वडील असतात, ऊसतोडीतून एक खाडा करून. म्हणून ते पान त्यांच्यासाठी, मोठ्या अक्षरात: कुठले कागद न्यायचे, दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, नॉन-क्रिमीलेअर वेगळं काढावं लागतं. क्यूआर कोड नको म्हणालात. आमच्यातल्या एकानं हट्टानं कोपऱ्यात टाकलाच. माझ्या आप्पांनी तो शिक्का समजून जपून ठेवला.

वहीच्या शेवटी एक ओळ होती, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. "नुसतं उभं राहिलं. काय इचारलं न्हाई." त्यापुढे अकरा रेघा. त्यांच्यासाठी काय छापायचं हे आम्हाला सुचेना. समुपदेशन कक्षाचा नंबर घालावा असं कुणी म्हणालं, पण खिडकीवर नुसतं उभं राहणारं पोर त्या दारावर जाईल असं मला वाटेना. शेवटी तालुक्याप्रमाणे नावं घातली, त्यांना विचारून: चंदगडची तिसऱ्या वर्षाची ताई, गगनबावड्याचा दादा, शाहूवाडीचे दोघं. पुढे लिहिलं, 'आपल्याकडची आहेत, डब्याच्या सुट्टीत कट्ट्यावर असतात.' त्या अकरांमधली एक रेघ माझी होती, काका. दुसऱ्या खेपेची. तुम्हाला आठवत असेलच.

मार्गदर्शिका आता १२ पानांची आहे, साध्या कागदावर. खिडकीवर नवीन मॅडम आल्यात. त्यांना एक कोरी वही दिली तर त्यांनी ती हजेरीसाठी वापरायला घेतली. पुन्हा एकदा सांगून बघते.

तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. गेल्या रविवारी परत करायला येणार होते, पण पंचगंगेला पाणी चढलं आणि आमचा रस्ता बंद झाला. पाणी उतरलं की येते. काकूंना सांगा, जेवूनच जाईन.

तुमची,
सात वेळा आलेली