पेन नास्तिक नव्हता, फुलेही नव्हते

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला थॉमस पेन या अठराव्या शतकातल्या इंग्रज-अमेरिकन विचारवंतावरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे. ‘नास्तिक पेन’ हे पालुपद लेखभर आहेच. वर शेवटच्या परिच्छेदात ‘पेनच्या नास्तिकतेचा वारसा जोतीराव फुल्यांनी महाराष्ट्रात आणला’ असे ठोकून दिले आहे. लेखकांबद्दल पूर्ण आदर राखून विचारते, त्यांनी पेनचे ‘एज ऑफ रीझन’ हे पुस्तक उघडून तरी पाहिले आहे का?

पुस्तकाच्या सुरुवातीलाच पेन सांगतो की आपण एक ईश्वर मानतो, एकाहून अधिक मानत नाही, आणि या जन्मापलीकडेही सुख असेल अशी आशा बाळगतो. बायबल ईश्वराने सांगितले हे त्याने नाकारले, चमत्कार नाकारले. सगळी धर्मपीठे माणसांनीच उभारली, तीही लोकांना भिववून गुलाम करायला आणि सत्ता व पैसा आपल्या मुठीत ठेवायला, असे बेधडक लिहिले. पण ईश्वर नाकारला नाही. उलट फ्रान्समधले लोक नास्तिकतेकडे धावत सुटले होते, म्हणून आपण हे पुस्तक लिहिले, असे त्याने पुढे सॅम्युअल ॲडम्स या अमेरिकन क्रांतीतल्या नेत्याला पत्राने कळवले. पहिला भाग लिहून होतो न होतो तोच डिसेंबर १७९३ मध्ये पॅरिसमध्ये त्याला अटक झाली. तुरुंगात जाताना वाटेत त्याने हस्तलिखित जोएल बार्लो या मित्राच्या हवाली केले. जीव वाचण्याची खात्री नसताना माणूस जे पुस्तक असे सांभाळतो, त्यात काय लिहिले आहे एवढे तरी वाचायला नको?

‘घाणेरडा, क्षुद्र नास्तिक’ ही पेनला दिलेली शिवी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टची. ती त्याने गव्हर्नर मॉरिसच्या (‘गव्हर्नर’ हे त्याचे नावच, पद नव्हे) चरित्रात लिहिली. हा मॉरिस अमेरिकेचा पॅरिसमधला राजदूत असताना पेन तुरुंगात खितपत पडला; सुटका झाली ती त्याच्या जागी जेम्स मन्रो आल्यावर, नोव्हेंबर १७९४ मध्ये. आपल्या लेखात तीच शिवी सभ्य कपडे घालून आली आहे. या शिक्क्याची किंमत पेनने मेल्यावरही मोजली. १८०९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या वडिलांच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाने दफनाला जागा दिली नाही.

माझा राग मात्र कालचा नाही. नोकरीत असताना तालुक्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेसाठी मी नववीतल्या एका मुलीची तयारी करून घेतली होती. आईवडील दोघेही शेतमजूर, आणि पोरीचा आवाज असा खणखणीत की माइकची गरज नसे. विषय फुल्यांचा. ती म्हणाली, ‘पेनने देव मानला, जोतीरावांनी देव मानला, दोघांनी मानला नाही तो मधला दलाल.’ परीक्षकांनी गुणपत्रिकेवर लाल शाईने ‘माहिती चुकीची’ असा शेरा मारला आणि बक्षीस समारंभात सगळ्यांदेखत सांगितले की पेन नास्तिक होता हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मी मंचामागे जाऊन पुस्तकाचे पान त्यांच्यापुढे धरले. ‘बाई, निकाल लागला आता,’ म्हणाले आणि चहाला गेले. परतीच्या एसटीत ती मुलगी एक शब्द बोलली नाही. पुन्हा कुठल्या स्पर्धेत उभी राहिली नाही. चूक तिची नव्हती, आणि हे तिला कुणी मोठ्याने सांगितले नाही.

ती बरोबर होती हे सत्यशोधक समाजाचे ब्रीदच सांगते : ‘सर्वसाक्षी जगत्पती, त्याला नकोच मध्यस्थी.’ जोतीरावांचा निर्मीक, म्हणजे जग निर्माण करणारा ईश्वर, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त पानोपानी आहे. शिवाय त्यांनी १८४७ च्या सुमारास वाचले म्हणून चरित्रकार सांगतात ते पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’. त्याच्या दुसऱ्या भागात पेनने हिशेब मांडला आहे : गरिबाच्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला चार पौंड सरकारने द्यावेत, आणि आईबापांनी त्या मुलाला लिहिणे, वाचणे, आकडेमोड शिकायला शाळेत घालावे. हे १७९२ मध्ये! १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाच्या हाती हे पुस्तक होते. वारशावर पानभर लिहायचे आणि यातले अक्षरही नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

आणखी एक. त्याच पानावर अर्ध्या भागात सदनिकांची जाहिरात आहे, आणि वाचकांच्या पत्रांना मात्र हल्ली दोन स्तंभही मिळत नाहीत. मागे माझ्या पत्राची शेवटची वाक्ये कापली गेली आणि अर्थ नेमका उलटा झाला. मजकूर कमी करायचा असेल तर कृपया कळवा, मी स्वतः करून देईन. लेखातल्या चुकीची दुरुस्तीही रविवारच्या पुरवणीतच, लेख होता त्याच पानावर छापा. मधल्या वारी आतल्या कोपऱ्यात नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा