१ म्हणणाऱ्यांना परत शाळेत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कोड्यांच्या चौकटीत ६÷२(१+२) = ? असं गणित होतं आणि या रविवारी उत्तर ९ छापून खाली "१ उत्तर आलेल्यांनी पुन्हा शाळेत जावं" अशी कोटी केलीये. माझं उत्तर १ आलं होतं. शाळेत जायला माझी काही हरकत नाही हो, पण तिथे गेल्यावर हे भांडण मिटेल असं जे तुम्ही धरून चाललाय तेच चुकीचं आहे, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस जे काही झालं त्यानंतर मला राहवेना म्हणून लिहितोय.

९ वाल्यांचं म्हणणं साधं आहे. आधी कंस, १+२ म्हणजे ३. मग उरलं ६÷२×३, भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर, डावीकडून सुरुवात करा, ३×३, झाले ९. यात चूक काहीच नाही. पण आम्ही १ वाले जे करतो तेही डोळे मिटून करत नाही. तो २ कंसाला चिकटून लिहिलाय, मध्ये गुणिले नाही, त्यामुळे २(१+२) हा आम्हाला एकच गठ्ठा दिसतो, ६ ला त्या अख्ख्या गठ्ठ्याने भागायचं.

खरं नाही वाटत? मग एक करा, ग्रुपवर जो ९ साठी सगळ्यात जास्त भांडतोय त्याला विचारा की १०क्ष ÷ २क्ष किती. तो पटकन ५ म्हणेल, क्ष ला क्ष गेला. आता त्याचाच डावीकडून उजवीकडेवाला नियम इथे लावा: १० गुणिले क्ष, भागिले २, गुणिले क्ष. हे होतं ५क्ष². क्ष च्या जागी ३ घाला, एकीकडे ५ येतात आणि दुसरीकडे ४५. म्हणजे बीजगणितात हा माणूस चिकटलेला गुणाकार आधी करतो आणि अंकगणितात मला शाळेत पाठवतो. आमच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर अर्धा तास कुणी काही बोललं नाही, मग एकाने अंगठा दाखवला, तो कुठल्या बाजूचा होता ते आजतागायत कळलेलं नाही.

आणि हे काही मोबाईल आल्यावर निघालेलं खूळ नाही. १९१७ साली एन. जे. लेनेस नावाच्या गणितज्ञाने अमेरिकेतल्या गणिताच्या मासिकात यावरच लेख लिहिला होता, की पाठ्यपुस्तकं डावीकडून करा म्हणून सांगतात पण प्रत्यक्षात गणित करणारे लोक चिकटलेला गुणाकार आधीच करतात. शंभर वर्षं उलटून गेली. मशिनचंही तेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ कॅल्क्युलेटरवर तुमचं कोडं घातलं तर १ येतं आणि त्याच कंपनीच्या टीआय-८३ वर ९. मॉडेल बदललं, नियम बदलला. आता यातल्या कुठल्या कॅल्क्युलेटरने शाळेत जावं?

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्याकडे कंचेभागुबेव शिकवतात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पदावली सोडवताना हे सगळ्यांनीच घोकलंय, पण त्यातला तो दुसरा "चे" कशाला आहे याचा विचार किती जणांनी केलाय माहीत नाही, मी तरी चाळीशीत केला. १२ ÷ १/२ चे ६. इथे आधी १/२ चे ६ म्हणजे ३, मग १२÷३ = ४. त्याच जागी "चे" काढून गुणिलेची खूण घाला, १२ ÷ १/२ × ६, तर डावीकडून आधी २४ आणि मग १४४! म्हणजे "चे" हा गुणाकारच आहे पण जरा घट्ट बांधलेला, भागाकाराच्या आधी उरकायचा. दोन प्रकारचे गुणाकार असतात, एक सुटा आणि एक घट्ट, हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं होतं. १ वाले बाकी काही करत नाहीत, कंसाला चिकटलेल्या २ ला ते नकळत "चे" सारखं वाचतात. आता तसं वाचावं की नाही हे कंचेभागुबेव मध्ये कुठेच सांगितलेलं नाही, सगळी गोम तिथेच आहे.

आणि त्या शब्दात अजून एक खड्डा आहे, तो मला माझ्या भाचीमुळे कळला. सहावीत आहे. तिच्या वहीत २०−८+५ चं उत्तर ७ लिहिलेलं आणि त्यावर ही मोठी लाल फुली. मी म्हटलं अगं १२ आणि ५ सतरा, यात काय अवघड आहे, तर म्हणाली, "मामा, बे आधी येतो ना? मग व. म्हणून मी आधी ८+५ केलं, तेरा. वीसातून तेरा गेले सात." पेन्सिलने ८+५ भोवती गोल पण केला होता तिने. मी गप्प. कारण शब्द जसा शिकवलाय तसाच तिने वापरला होता, अक्षरन्‌अक्षर. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून घ्यायच्या असतात, हे तोंडी सांगून सोडून दिलं जातं आणि मुलांच्या डोक्यात शब्दच राहतो.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो (ऑफिसचं काम सोडून, हे छापू नका) आणि बघितलं तर गंमत निघाली. "भागु" मध्ये भागाकार आधी आहे, तो शब्दशः पाळला तरी उत्तर बिघडत नाही. २४÷६×२ घ्या, भागाकार आधी केला तर ८, डावीकडून गेलात तरी ८. गुणाकार आधी असलेलं कुठलंही घ्या, ५×१२÷४, भागाकार आधी केला तरी १५ च. पण "बेव" मध्ये बेरीज आधी, आणि ती शब्दशः पाळली की भाचीसारखं होतं. तेच उलटं, "वबे" असतं, वजाबाकी आधी, तर उत्तर कधीच चुकलं नसतं. अमेरिकेत पेमडास म्हणून शिकवतात, त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी आहे आणि बेरीज वजाबाकीच्या आधी, म्हणजे तिथल्या पोरांना दोन्हीकडे खड्डे. आपला अर्धा शब्द तरी सुरक्षित आहे, कुणी मुद्दाम तसा केला की आपोआप झाला देव जाणे.

बेरजेआधी गुणाकार का, हेही मुलं विचारतात आणि "नियम आहे" असं उत्तर मिळतं. अहो ३४५ हा आकडाच म्हणजे ३×१००+४×१०+५ आहे. गुणाकार आधी धरला म्हणून कंसाशिवाय लिहिता आलं, नाहीतर कंसांचं जंगल झालं असतं. सोय आहे ती. टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरला ही सोय माहीत नसते, २+३×४ दाबा, तो बटण दाबेल तसं पुढे जातो आणि २० दाखवतो, मोबाईल १४. दोन्ही शेजारी ठेवून भाचीला दाखवलं तर तिला वाटलं एक बिघडलाय.

राहिली ती ÷ खूण. १६५९ साली योहान रान नावाच्या स्विस माणसाने ती भागाकारासाठी पहिल्यांदा छापली. डेन्मार्कमध्ये हीच खूण बराच काळ वजाबाकीला वापरायचे. गणिताच्या खुणांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८००००-२, ते तर सांगतं की ÷ वापरूच नये. वरच्या वर्गात गेलं की ही खूण गायबच होते, सगळं अंश-छेदात लिहितात आणि रेघेखाली काय आहे ते डोळ्याला दिसतं, वाद घालायला जागाच राहत नाही. तुमच्या चौकटीत एक आडवी रेघ मारली असती तर आमचा ग्रुप शांत राहिला असता.

मी दिवसभर हिशोबाच्या शीट्समध्ये असतो, तिथे तर हे रोजचंच. एक्सेलमध्ये =-२^२ (उणे दोनचा वर्ग) टाकलं की ४ येतं, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तेच -२**२ असं टाकलं की उणे ४, आणि गणिताच्या पुस्तकातही उणे ४. कुणाचं बरोबर यावर मी ऑफिसात भांडत बसत नाही, कंस घालतो. एक कंस जास्त घातला म्हणून आजवर कुणाचा हिशोब चुकलेला मी पाहिला नाही.

तेव्हा विनंती एवढीच, असं कोडं छापायचं तर (६÷२)×(१+२) छापा किंवा ६÷(२×(१+२)) छापा. मग ते कोडं राहत नाही, चौथीचं गणित होतं, हे मान्य, पण मग कोडं नक्की कशाचं होतं ते पण बघा की. आणि ती शाळेची कोटी पुढच्या रविवारी मागे घेतलीत तर बरं, आमच्याकडे ती कात्रण करून फ्रीजवर लावलीये.

आपला,
१ उत्तर आलेला एक वाचक

ता. क. : भाचीने वहीच्या मागच्या पानावर कंचेभागुवबे लिहून ठेवलंय. म्हणायला जीभ अडखळते, पण वजाबाकीचा चाचणी पेपर काल मिळाला, एकही लाल फुली नाही. बाईंनी फक्त त्या शब्दाखाली प्रश्नचिन्ह काढलंय.