ओटीपी ज्याचा, पोर त्याचं?

सातारा
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

मागच्या दिवाळीनंतर तुला फोन नाही, मेसेज नाही, वाढदिवसाला नुसता केकचा इमोजी टाकला तो पण ग्रुपवर, सगळ्यांनी टाकला म्हणून. शिव्या घालायच्या असतील तर घाल. तब्येत ठीक, शुगर आहे तेवढीच, आईचा गुडघा दुखतोय तो दुखतोच. आता मुद्द्याचं. फोन केला असता पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस, आणि हे प्रकरण तिसऱ्या वाक्यापर्यंत सुरू पण होत नाही.

ते शाळेच्या व्हॅनवाल्यांचं ॲप सुरू केलंय ते तुला माहितीये. नाव सांगत नाही, तू हसशील. काम तसं साधं. व्हॅनकाकांच्या मोबाईलवर पोरांची यादी, पोरगं बसलं की टिक, उतरलं की टिक, घरच्यांना नकाशावर व्हॅन दिसणार, म्हणजे काकांना गाडी चालवताना "कुठं पोचलात" म्हणून येणारे फोन बंद. ओंक्यानं कोडिंग करायचं आणि मी बाकीचं बघायचं असं ठरलं. ओंक्याचं काम पावसाळ्याआधीच संपलं, आणि माझं बाकीचं अजून चालूच आहे.

आधी ओटीपी. मला वाटलं एसएमएसवाल्याला पैसे दिले की मेसेज जातो. नाही. ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाच्या, नियमानं डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर, कंपनी रजिस्टर करा, मग पाठवणाऱ्याचं नाव मंजूर करून घ्या, मग मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्या, आणि मंजूर मजकुरात एक शब्द इकडचा तिकडं झाला की मेसेज मधेच गायब. "आपला ओटीपी" लिहिलं होतं तिथं ओंक्यानं कोडमध्ये "तुमचा ओटीपी" केलं आणि दोन दिवस आम्ही सर्व्हरला शिव्या देत बसलो. मग प्ले स्टोअर. नवीन पर्सनल अकाउंट असेल तर किमान १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टिंगला राहायला लागतं, त्याशिवाय ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्जच करता येत नाही. माझे १२ म्हणजे कोण, तर मेव्हणा, शेजारचे दोन, शाहूपुरीतली मावशी, आणि माझा न्हावी, ज्याला पोरंबाळं नाहीत. ॲप बंद असताना लोकेशन घेणार असाल तर का घेता ते वेगळं लिहून द्या आणि एक छोटा व्हिडिओ करून दाखवा, ते पण केलं, व्हिडिओत मागं आमच्या गल्लीतलं कुत्रं भुंकतंय.

आणि प्रायव्हसी पॉलिसी! ओंक्यानं कुठल्या तरी परदेशी साइटवरून उचलून चिकटवलेली. मी वाचत वाचत खाली गेलो तर त्यात "कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क" असा एक मोठा परिच्छेद. म्हणलं ओंक्या, आपली व्हॅन पोवई नाक्यावरून राजवाड्याला जाते, कॅलिफोर्निया कुठल्या स्टॉपला आहे रे? मग मी स्वतः मराठीत लिहायला बसलो. गंमत म्हणजे नवा कायदाच म्हणतो की नोटीस साध्या भाषेत पाहिजे आणि माणसाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय पाहिजे. हा नियम मला फार आवडला. बाकीच्यांनी झोप उडवली.

तो कायदा म्हणजे २०२३ चा डीपीडीपी, लोकांच्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ ला लागू होतील. ओंक्या म्हणतो तेव्हाचं तेव्हा बघू. पण आज जमा केलेली पोरांची माहिती मे २०२७ ला काय आपोआप पुसली जाणार आहे का? त्यात १८ च्या खालचं प्रत्येक जण मूल. मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची खात्रीशीर संमती लागते, नुसतं "मी पालक आहे" वर टिक चालत नाही. आणि मुलांचं ट्रॅकिंग करायचं नाही, सरळ मनाई. दंड २०० कोटीपर्यंत. मी हिला म्हणलं २०० कोटी, ती म्हणाली आधी मिक्सरचे राहिलेले हप्ते भर.

तर मुलांचं ट्रॅकिंग बंद म्हणल्यावर माझं ॲपच बंद की. पण नियमांच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात सूट दिलीय, शाळेनं नेमलेल्या वाहतूकवाल्याला, जाता येताना, सुरक्षेपुरती. मी नाचलोच. आणि मग लक्षात आलं की आपल्याकडं काकांना शाळा कुठं नेमते? आईबापच ठरवतात, महिन्याच्या महिन्याला पैसे हातात देतात, शाळा म्हणते आमचा संबंध नाही. म्हणजे पुन्हा लटकलो. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्याच परिशिष्टात खाली सापडलं की मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचं त्या वेळचं लोकेशन बघायला वेगळी सूट आहे, कोण बघतोय याची अट नाही, कशासाठी याची आहे. वकीलसाहेब म्हणाले सूट लोकेशनपुरती, नाव, फोटो, घरचा पत्ता, स्टॉप याला संमती घ्यायचीच, आणि लोकेशनला पण घेऊन ठेव, नडत नाही. बरं.

मधेच व्हॅनकाकांचं वेगळंच. ट्रॅक होतो तो खरा त्यांचा मोबाईल. पोरं उतरल्यावर काका चहाच्या टपरीवर अर्धा तास बसले तर एका आईनं फोन करून विचारलं, काका आज टपरीवर बराच वेळ होतात? काका माझ्या दुकानात आले ते थेट हमरीतुमरीवर. बरोबर आहे त्यांचं. शेवटचं पोरगं उतरलं की ट्रॅकिंग आपोआप बंद, असं करून दिलं. काकांची पण संमती लागतेच ना, ते काय गाडीचा पार्ट आहेत?

हे सगळं तुला सांगायला पत्र लिहीत नाहीये. ऐक.

महिन्यापूर्वी दुकानात एक माणूस आला. आपल्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. म्हणाला माझी मुलगी अमुक काकांच्या व्हॅनला आहे, मला ॲपमध्ये जोडा. मी नंबर टाकला तर मुलगी आईच्या नंबरवर रजिस्टर, दुसरा नंबर नाही. मी म्हणलं आईंना सांगा, त्यांच्या मोबाईलवरून तुम्हाला जोडतील. तो म्हणाला, ती जोडणार असती तर मी इथं आलो असतो का? आणि फाइल उघडली. जन्माचा दाखला, त्याचं आधार, शाळेची पावती, सगळ्यावर त्याचं नाव. "मी बाप आहे. ती शाळेत पोचली का एवढंच बघायचंय." आवाज चढला नाही की काही नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्याला नाही म्हणून पाठवला. आणि मग वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी दोन तास घेतले. १९५६ चा हिंदूंचा पालकत्वाचा कायदा म्हणतो नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई, पाच वर्षांखालचं मूल मात्र शक्यतो आईकडं. मग १९९९ ला सुप्रीम कोर्टानं गीता हरिहरन प्रकरणात सांगितलं की "त्याच्यानंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, आई पण पालक. ते प्रकरण पण कशावरून, तर मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायच्या अर्जावर आईची सही चालेना, बापाची आणा म्हणाले. तेव्हा फॉर्म बापाच्या बाजूनं होता. माझ्या ॲपमध्ये उलटं, आणि ते कोणी ठरवलं? ओंक्यानं. एका मुलाला एकच मुख्य नंबर, कारण तेवढ्यानं डेटाबेस सोपा राहतो. जून महिन्यात ज्यानं आधी ओटीपी टाकला तो पालक! आणि डीपीडीपीत काय आहे, तर पालकाची संमती, संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणं सोपं. आईबापाचं पटत नसेल तर कुठल्या पालकाचं ऐकायचं यावर त्यात अवाक्षर नाही. वकीलसाहेब म्हणाले कोर्टाचा आदेश घेऊन आला तर दे, तोवर हात लावू नको. सुटसुटीत आहे. कोर्टाचा आदेश यायला किती वेळ लागतो ते शिवाजीनगरला चकरा मारणाऱ्या तुझ्याइतकं कोणाला माहितीये.

आता तुला कळलं असेल मी हे तुलाच का लिहितोय.

त्या माणसाला नाही म्हणताना मला सारखं तू दिसत होतास. आणि आपलं ते भांडण. वहिनी पोरीला घेऊन गेली तेव्हा कुठं राहते ते मला माहिती होतं, हिच्याकडून, आणि तू विचारलंस आणि मी सांगितलं नाही. तू काय म्हणालास ते इथं लिहीत नाही, पोरं वाचतील. दीड वर्ष बोलला नाहीस. मला आजही वाटतं मी बरोबर केलं, आणि तुला आजही वाटतं नाही केलं, आणि त्यावर आपण कधी बोललोच नाही, डायरेक्ट पम्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला शेजारी बसलो आणि तू मला जिलबी वाढली, संपलं. पण तेव्हा मी एक मित्र होतो आणि मला तुम्ही दोघं माहिती होता. तू दारावर जाऊन तमाशा करशील पण हात उचलणार नाहीस हे मला माहिती होतं, तरी मी सांगितलं नाही. इथं मला दोघांतलं कोणीच माहिती नाही. तो खरंच नुसता बघणार असेल. किंवा कुठल्या स्टॉपला व्हॅन किती वाजता थांबते हे बघून उद्या तिथं उभा राहणार असेल. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून मला काय कळणार? आणि ती बाई घाबरून नंबर देत नाहीये की सूड म्हणून देत नाहीये, ते पण मला कोण सांगणार?

वर अजून एक. मी ठरवलं होतं रोज रात्री दिवसभराचा मार्ग पुसून टाकायचा, नकोच ती भानगड, चोरायला काही उरलंच नाही तर चोरणार काय. तर नियमात आहे की माहिती आणि तिचे लॉग, म्हणजे वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, किमान एक वर्ष ठेवा, सरकारनं मागितलं तर द्यायला. वकीलसाहेब आणि ओंक्या दोन आठवडे भांडतायत की यात मार्ग येतो की नुसते लॉग. मार्ग येत असेल तर वर्षभराच्या सकाळ-संध्याकाळ माझ्या सर्व्हरवर पडून राहणार, आणि उद्या या दोघांच्या केसमध्ये कोणी ते मागवलं की मी कोर्टात. आणि सर्व्हर कोणी फोडला तर सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या यंत्रणेला, ६ तासांत कळवायचं, हा २०२२ पासूनचाच नियम आहे. माझा राउटर बंद पडला तर मला ६ तासांत कळत नाही.

तो माणूस परत दोनदा येऊन गेला. भांडत नाही. एकदा नुसता मोबाईलला टेम्पर्ड ग्लास लावून घेऊन गेला, विषय काढलाच नाही. मी पैसे घेतले नाहीत, मग हिनं मला झापलं की आता तो समजणार तू पाघळलास.

ओंक्यानं एक काढलंय. दुसरा पालक म्हणून नाव लावायचं, पण नकाशा नाही, स्टॉप नाही, काकांचा नंबर नाही. फक्त शाळेच्या गेटवर टिक पडली की एक मेसेज, "पोचली". तो पण पहिल्या पालकानं होकार दिला तरच, आणि होकार मागताना आम्ही आईला स्पष्ट मराठीत लिहिणार की यातून स्टॉप किंवा रस्ता कळत नाही, आणि कधीही बंद करता येईल. ती हो म्हणेल की नाही माहिती नाही. नाही म्हणाली तर मी गप्प बसणार, मला तेवढंच जमतं.

पण मला तुझ्याकडून एक पाहिजे. पोरगी तिसरीत असताना, त्या वर्षात, तुला रोज सकाळी असा एक शब्दाचा मेसेज आला असता, बाकी काही नाही, तर तू घेतला असतास? की अजून भडकला असतास, की बाप आहे मी, मला काय कुरिअरचं ट्रॅकिंग देताय? खरं सांग, शहाणपणा नको. त्यावर तो स्क्रीन ठेवायचा की काढून टाकायचा ते मी ठरवणार आहे. आणि जमलं तर, म्हणजे आता तुमचं बोलणं होतं असं ही म्हणत होती, तर वहिनीला पण विचार की ती हो म्हणाली असती का. नाहीच जमलं तर राहू दे.

बाकी तुझं काय? चाकणची शिफ्ट बदलली का? पोरगी दहावीला ना यंदा, गणिताला क्लास लावला असशीलच. फ्लॅटचं काम कुठवर आलं, तो बिल्डर अजून "पुढच्या महिन्यात" च म्हणतोय का? पाठीचा एमआरआय करून घे, टाळू नको. पम्या विचारत होता तुला, त्याला मी तुझा नवा नंबर दिलाय.

शनिवारी पुण्याला येतोय, स्वारगेटला दहाच्या आसपास. कंदी पेढे आणतोय, यावेळी तुझ्या नेहमीच्या दुकानातले, मागच्या वेळेसारखे "कुठले उचलून आणलेस" नको. उत्तर त्याआधी मेसेजवर टाक, समोर बसलो की तू विषय बदलतोस.

तुझा,
पश्या

ता. क. मराठी प्रायव्हसी पॉलिसी व्हॉट्सॲपवर पाठवलीय. शुद्धलेखन बघ, पण "पालक" या शब्दाला हात लावू नको, वकीलसाहेबांनी तिथंच माझे पैसे खाल्लेत.