निळं पावतीपुस्तक

सप्रेम नमस्कार.

यंदा कार्यकर्ते वर्गणीला येतील तेव्हा त्यांच्या हातात दोन पावतीपुस्तकं असतील. एक नेहमीचं, उत्सवाचं. दुसरं निळं, नशेतून सुटू पाहणाऱ्या पोरांसाठी. ते का, हे दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या ढोल पथकात एक मुलगा आहे. नाव सांगणार नाही, तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका. गेल्या वर्षी नदीपात्रात सराव सुरू झाला तेव्हा त्याला ढोलाची दोरी कमरेला बांधता येईना. बोटं थरथरत होती. दोनदा गाठ सुटली, शेवटी ती मी मारली. आम्हाला वाटलं, परीक्षेचं जागरण असेल. त्याच्या आईने नंतर सांगितलं ते वेगळंच होतं. तीन रात्री तो झोपलाच नव्हता. घरातला मिक्सर, घड्याळ, जुना रेडिओ असं सगळं खोलून त्याचे स्क्रू फरशीवर ओळीने मांडले होते. कुणीतरी पाहतंय म्हणून खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली होती. मग दीड दिवस मेल्यासारखा झोपला. तो क्रिस्टल घेत होता, म्हणजे मेथॅम्फेटामाइन, थोडक्यात मेथ.

पुण्यात एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, चर्चा जास्त होते. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडलं, ते सगळ्यांनी वाचलंय. क्रिस्टल हा रासायनिकदृष्ट्या वेगळा पदार्थ, पण दोन्ही त्याच जातीची उत्तेजक नशा.

मी डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न तुम्हीही विचाराल: यावर गोळी कुठली? दारूवर औषधं आहेत, गर्दवर (ब्राउन शुगरवर) आहेत. मेथच्या व्यसनावर मात्र अमेरिकेच्या औषध नियामकांनीही आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. प्रयत्न चालू आहेत. २०२१ साली तिथल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४०३ माणसं, दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि जोडीला रोज ब्युप्रोपियॉनच्या गोळ्या. औषध मिळालेल्या शंभरात साधारण चौदा जणांना उपयोग झाला, औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी-इंजेक्शन (प्लासिबो) मिळालेल्यांत शंभरात दोन-तीन जणांना. फरक खरा आहे, पण शंभरातल्या उरलेल्या शहाऐंशी घरांचं काय? मिर्टाझापीन या नैराश्यावरच्या औषधाच्याही लहान चाचण्या सॅन फ्रान्सिस्कोत झाल्या, त्यांतही नशा थोडी कमी झालेली दिसली. ही औषधं द्यायची की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. मंडळ त्यात पडणार नाही.

आतापर्यंत सगळ्यांत जास्त उपयोग झाला आहे तो बक्षिसांचा.

कार्यकारिणीच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा आपले एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. "नशा केली नाही म्हणून बक्षीस? मग आमच्या पोरांनी काय पाप केलं, ज्यांनी कधी हातच लावला नाही?" प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. मेथ मेंदूत डोपामिन या आनंदाच्या रसायनाचा असा लोंढा सोडतं की नशा थांबल्यावर कित्येक महिने साध्या गोष्टींत मन लागत नाही. चहा बेचव, गाणं बेचव, मित्र नकोसे. "पुढच्या वर्षी नोकरी लागेल" हे अशा मुलाला समजतं, पण ते त्याला आजची पुडी नाकारण्याचं बळ देत नाही. त्याला आज, आत्ता, हातात काहीतरी चांगलं पडावं लागतं. म्हणून ही बक्षिसं. त्यांना लाच म्हणणाऱ्यांनी मोडलेल्या पायाच्या कुबडीलाही लाच म्हणावं.

पद्धत आपल्याला भिशीमुळे लगेच कळेल. मेथ लघवीत साधारण दोन-तीन दिवस सापडतं, म्हणून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, केंद्रात तपासणी. नमुना स्वच्छ आला की पेटीतून चिठ्ठी काढायची. नॅन्सी पेट्री या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही पेटी रूढ केली. पाचशे चिठ्ठ्या, त्यांतल्या निम्म्यांवर फक्त "शाब्बास", २०९ वर लहान बक्षीस, चाळीसवर मोठं आणि एकीवर सगळ्यांत मोठं. सलग स्वच्छ राहिलं की चिठ्ठ्या वाढत जातात, घसरलं की पुन्हा एकीवर. पण घसरलेल्याला हाकलायचं नाही, पुढच्या तपासणीला ये म्हणायचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २०११ पासून ही पद्धत चालू आहे. सोबत समुपदेशन आणि घरच्यांच्या बैठका असतातच, नुसती पेटी पुरत नाही.

आपल्या भागातल्या व्यसनमुक्ती केंद्राने दहा जणांना बारा आठवडे ही पद्धत द्यायची तयारी दाखवली आहे. माणसं आणि जागा त्यांची, तपासणीचं साहित्य आणि बक्षिसं आपली. २४० तपासण्यांचे ३६,००० रुपये. बक्षिसं माणशी सरासरी ८,००० धरून ८०,०००. एकूण १,१६,०००. यंदा रोषणाई कमी करून मंडळ ४०,००० देत आहे. कमी पडतात ७६,०००. निळं पावतीपुस्तक त्यासाठीच.

पैसे नको असतील तर वस्तू द्या. रोख बक्षीस आपण देणार नाही, कारण रोख रक्कम पुडीवाल्याकडे जाऊ शकते. किराणावाल्यांनी कुपनं द्यावीत, खानावळवाल्यांनी जेवणाची, केशकर्तनालयवाल्यांनी कटिंगची. पीएमपीचा मासिक पास चालेल, बूट चालतील. सगळ्यांत मोठ्या चिठ्ठीसाठी एक सायकल हवी आहे, जुनी पण दुरुस्त केलेली चालेल.

१९८६ साली गर्दने पोरं पोखरली होती तेव्हा याच पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, आणि त्यामागे पु.ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा आधार होता. आपण तेवढे मोठे नाही, आपल्याला फक्त दहा जणांची पेटी भरायची आहे.

दोन गोष्टी आई-वडिलांसाठी. मुलांची नावं आणि तपासणीचे निकाल केंद्रातच राहतील, मंडळाला फक्त किती बक्षिसं गेली एवढाच आकडा कळेल. आणि पोलिसांच्या भीतीने घरात दडवून ठेवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४-अ एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. फोन करायचा असेल तर १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

पेटी तयार आहे. आपल्याच सुताराने बनवली, पुढे काच लावून. रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात मी बसलेला असेन. चिठ्ठ्या कापायला आणि घड्या घालायलाही माणसं हवी आहेत, कात्री घरून आणा.

आपला,
खजिनदार