विषय: टीम प्लॅनमधला दोन टप्प्यांचा लॉगिन आणि तुमच्या हेल्पलाइनवरचं कालचं संभाषण

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

काल तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. पाचवा करणार नाही, म्हणून हे लेखी.

सांगलीत माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे. तुमच्या रिटर्नच्या सॉफ्टवेअरचा पाच जणांचा प्लॅन वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतला. पाच लॉगिन मिळाले. पण रिटर्नची फाइल काढताना कोड मागतो तो फक्त मुख्य खात्याचा, म्हणजे माझ्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा. मग बाकीचे चार लॉगिन काय देव्हाऱ्यात ठेवू?

18 तारखेला आईच्या ऑपरेशनसाठी मी मिरजेला दवाखान्यात होते. जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नची मुदत 20. ऑफिसातून सारखा फोन, "मॅडम, कोड सांगा." मी कॉरिडॉरमध्ये मोठ्याने आकडे वाचतेय, बाकावरची माणसं ऐकतायत, आणि मुलगा टाइप करेपर्यंत तीस सेकंद संपून कोड बदललेला. उशीर होतो म्हणून मागचा एक कोड चालवून घ्यायची मुभा अशा कोडच्या 2011 च्या मूळ तांत्रिक मानकातच आहे. तुम्हाला हे ठाऊक असणारच.

आता कालचा फोन. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सोपं आहे मॅडम. सेटअपच्या क्यूआरचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, सगळे स्कॅन करतील."

मी म्हटलं, "त्याच क्यूआरखाली तुम्हीच लिहिलंय, कोणालाही दाखवू नका."

शांतता. कीबोर्डची टकटक. मग, "ते जनरल लिहिलेलं असतं."

मी सांगितलं की त्या क्यूआरमध्ये खात्याची गुप्त किल्लीच असते. ज्याच्याकडे ती गेली, तो माझे कोड हवे तेव्हा काढेल. ग्रुपवर नोकरी सोडून गेलेला एक मुलगा अजून आहे. त्यावर तुमचे प्रतिनिधी काय म्हणाले असतील? "सर आहेत का ऑफिसात? त्यांना फोन द्या ना, जरा टेक्निकल आहे."

सर नाहीत. ऑफिस माझं आहे, पाटीवर नाव माझं आहे आणि तुमच्या पावतीवरही माझंच आहे. एवढं सांगितल्यावर अकरा मिनिटं संगीत ऐकवलंत. चाल बरी आहे.

दुसरा फोन जोडायची "सोय नाही" हे मला तीन वेळा सांगितलं गेलं. काल रात्री मी दोन टप्प्यांच्या लॉगिनचं सेटिंग बंद करून पुन्हा सुरू केलं आणि एकच क्यूआर दोन फोननी स्कॅन केला. दोन्हीकडे तोच कोड. चार मिनिटं लागली, आणि तीही सर नसताना.

पण हा तोडगा माझा, तुमचा नव्हे, आणि लंगडाच. नोंदीत प्रत्येक काम माझ्याच नावावर दिसतं. एक माणूस सोडून गेला की सगळ्यांचं पुन्हा पहिल्यापासून. पाच जणांचे पैसे घेता, तर ज्याला त्याला त्याचा कोड आणि फाइल काढायचा अधिकार द्या, आणि कोणाचा कधी बंद करायचा ते माझ्या हातात ठेवा.

दोन अशिलांची रिटर्न 21 ला गेली. दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क मी खिशातून भरलं. रक्कम किरकोळ आहे. त्यांना तोंड दाखवणं किरकोळ नव्हतं.

आठ दिवसांत लेखी उत्तर हवं. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार जाईल आणि मार्चच्या आत सगळी खाती दुसरीकडे. गावातल्या तीन ऑफिसांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं, तेही परत घेईन.

आणि हो, फोन ठेवल्याठेवल्या मेसेज आला, "तुमचं तिकीट सोडवलं आहे. आम्हाला किती तारे द्याल?" ते तिकीट आधी पुन्हा उघडा.

आपली (मार्चपर्यंत तरी) ग्राहक,
सांगली