पेरणीआधी एवढं वाच

सोन्या,

फोनवर तू घाईत होतास म्हणून लिहितेय. ताईचं बाळंतपण उरकेपर्यंत मला काय वाळव्याला येता येत नाही, म्हणजे यंदाची सोयाबीनची पेरणी तुझ्याच हातानं. ट्रॅक्टरवाला म्हणेल खत आणि बी एकत्रच टाकू, लवकर उरकतंय. त्याचं अजिबात ऐकू नकोस.

रासायनिक खतं म्हणजे क्षारच रे. बी उगवायला आधी पाणी पिऊन फुगावं लागतं, आणि शेजारीच खताचा दाणा विरघळला की तिथली ओल इतकी खारट होते की बियाला ती ओढताच येत नाही, उलट कोवळ्या मुळातलंच पाणी बाहेर येतं, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसं. सगळी खतं सारखी नाहीत, सोडियम नायट्रेटचा खारटपणा 100 धरला तर पोटॅश 116 च्या आसपास, युरिया 75 आणि सुपर फॉस्फेट जेमतेम 8. पण युरियाच्या नुसत्या आकड्यावर जाऊ नको, तो मातीत फुटला की अमोनिया होतो आणि मुळाचं टोकच करपवतो. 18:46 मधनंही, म्हणजे डीएपी खतातनं, अमोनिया सुटतो, म्हणून तेही बियाला चिकटून नको. आणि रायझोबियम, म्हणजे पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारे जिवाणू, चोळलेलं बी खतात मिसळलं तर जिवाणू मरणारच, मग चोळून उपयोग काय?

पेरणी यंत्रात बी आणि खताच्या पेट्या वेगळ्या असल्या तरी कधी कधी दोन्ही नळ्या एकाच काकरीत सुटतात. बांधाकडंला थोडं चालवून उकरून बघच. बी 3-4 सेंमी खोल, खत त्याच्या 5 सेंमी बाजूला आणि 5 सेंमी खाली, असं पडायला हवं.

नदीकडच्या मळीची मला एवढी काळजी नाही, काळी माती ओल धरते. माळाचा तुकडा मात्र दोन उन्हात सुकतो, आणि ओल कमी झाली की तेवढंच खत जास्त खारट पडतं. तिथं 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय यंत्र घालू नकोस, शेजारच्यांनी पेरलं तरी.

पाचव्या दिवशी चार-पाच ठिकाणी माती उकर. मूळ पांढरं आणि सरळ खाली गेलेलं असलं तर बरं. बी फुगलंय पण मूळ अर्ध्या इंचावर थांबलंय, टोक तपकिरी झालंय असं दिसलं, तर वर आणखी खत टाकू नकोस, पाऊस नसेल तर तुषारनं हलकं पाणी दे म्हणजे क्षार खाली जातील. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला बी माडीवर ठेवलंय, उंदरांपासनं जप.

आई