गॅरेजमधल्या बाथरूमसाठी धावून आलेल्या प्लंबरकाकांना

काका, नमस्कार.

तुम्ही पत्रंबित्रं वाचत बसणारे नाही, ठाऊक आहे मला. पण तुमची नात मोबाईलवर सगळं वाचते. तिला दिसलं तर ती वाचून दाखवेल, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहितेय.

मे महिन्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. साताऱ्यातलं आमचं घर 1994चं. पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून बाबांनी जोतं चांगलं उंच घेतलेलं, त्यामुळं दारात सात पायऱ्या. गॅरेज तेवढं रस्त्याच्या पातळीला. गाडी विकून झाली होतीच, तेव्हा तिथंच आईची खोली आणि बाथरूम करायचं ठरवलं.

पहिल्या ठेकेदारानं लांबच्या कोपऱ्यात खडूनं चौकोन काढला, "इथं कमोड" म्हणाला आणि उद्या फरशी फोडायचा ब्रेकर आणतो सांगून गेला. तुम्ही शेजारी टाकीच्या कामावर होतात. कुंपणाच्या पलीकडून एवढंच विचारलंत, "ताई, चेंबर उघडून बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं.

मग घराचे सांडपाण्याचे पाईप ज्यात येऊन मिळतात त्या चेंबरचं झाकण तुम्ही पहारीनं उचकटलंत आणि पाणी भरून पातळी मोजायच्या पारदर्शक नळीचं एक टोक माझ्या हातात दिलंत. नळीत बारीकसा बुडबुडा होता, तो टिचक्या मारून घालवेपर्यंत मापाला हात लावला नाहीत. "बुडबुडा राहिला की लेव्हल खोटं बोलते." गॅरेजच्या फरशीपासून चेंबरचा तळ 19 इंच खाली निघाला. कोपरा तिथून 34 फूट. चार इंची पाईपला 40 इंचाला एक इंच ढाळ धरला तर 10 इंच ढाळातच गेले, कोपऱ्यात उरले जेमतेम नऊ. त्यात पाईप, कमोडचा बेंड, वॉटरप्रूफिंग आणि वर फरशी कशी मावायची? ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: ढाळ कमी करू, नाहीतर फ्लोअर सहा इंच उचलू. ढाळ कमी केला तर मैला वाटेतच बसणार, हे तुम्ही त्याला तिथल्या तिथं सुनावलंत. फ्लोअर उचलायचं म्हटल्यावर मात्र नुसतं आईकडे बघितलंत. "म्हंजे पायरी आली की."

सात पायऱ्या चुकवायला निघालेल्या बाईला आम्ही बाथरूमच्या दारात एक नवी बांधून देणार होतो!

कमोड अलीकडच्या भिंतीला घेतला. अंतर 22 फुटांवर आलं, खोली 12 इंच मिळाली, सगळं बसलं. खोलीचा आकार थोडा वाकडा झाला, कपाट कुठं ठेवायचं यावरून घरात दोन दिवस कुरबूरही झाली. होऊ दे.

पुढं तुम्ही रोज संध्याकाळी घरी जाताना डोकावायचात. कमोड आधी विकत घ्यायला लावलात, कारण त्याच्या खालच्या पाईपचं नऊ इंचांचं अंतर टाईल लावलेल्या भिंतीपासून असतं, उघड्या विटेपासून नाही. प्लास्टर आणि टाईलचा दीड इंच आधीच धरावा लागतो. न्हाणीचं पाणी वेगळ्या पाईपनं गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या बाहेरच्या कुंडीत नेलंत. हवेचा पाईप गच्चीच्या वर काढायला लावलात, तेव्हा मला तो खर्च फुकटचा वाटला होता. कमोडच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे त्याच्या वाकड्या नळीत, दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं आणि हवा नसेल तर फ्लश ते ओढून नेतो, हे तुम्ही ग्लास आणि स्ट्रॉ घेऊन समजावलंत.

खड्डे बुजवण्याआधी पाईपचं तोंड बंद करून पाणी भरलंत आणि पेन्सिलीनं रेघ मारलीत. सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली! एक सांधा पाझरत होता. गड्याला न रागावता तो कापून तुम्ही स्वतः नव्यानं जोडलात. त्या उघड्या पाईपांचे टेप धरून काढलेले फोटो मी जपून ठेवलेत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो शनिवार. नळाच्या पाईपसाठी भिंतीला झिऱ्या मारायच्या आधी तुम्ही त्या धुळीत प्लॅस्टिकची खुर्ची मांडलीत. "आक्का, बसा बघू. आता नळ हाय असं समजून हात लांब करा." आईनं हात लांब केला. जिथं बोटं टेकली तिथं तुम्ही कोळशानं फुली मारलीत. उठताना तिनं भिंतीला हात लावला, तिथं दुसरी फुली. तिथंच आता दांडी आहे.

पैसे विचारले तर "चहा झाला की" म्हणालात. वर तीन चहांपैकी एक अर्धाच प्यायला होता, साखर जास्त झाली म्हणून.

आई आता एकटी जाते. रात्री दिवा लागलेला दिसतो, पाण्याचा आवाज येतो, मी उठत नाही.

तुमची लेव्हलची नळी आमच्याकडेच राहिली आहे. गॅरेजच्या खिळ्याला गुंडाळून अडकवली आहे. घ्यायला याल तेव्हा सवड काढून या. साखर कमी घालीन.

तुमची,
नळीचं दुसरं टोक धरणारी